लिपस्टिक लावून विचारलेला प्रश्न

लग्नसराई आली की लोकांना मोगरा आठवतो, गार मठ्ठा आठवतो, मांडवात मिरवणाऱ्या पोरी आठवतात. मला राग येतो. एप्रिल लागला, गल्लीच्या तोंडाशी पहिली मिरवणूक वाजायला लागली, की माझ्या बोटांतला थ्रेडिंगचा दोरा जरा जास्तच ताणला जातो. "हळू की वैशाली, भुवई हाय ती माझी," परवा खुर्चीतल्या बाई ओरडल्याच. मी सॉरी म्हटलं खरं, पण माझं लक्ष बाहेर होतं. बाहेर डीजेवर आमचं गाणं लागलं होतं.

आमचं म्हणजे माझं आणि मोईनचं. चाल त्याची, शब्द माझे. चाल अजून तीच आहे. शब्द आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या, साहेबांच्या, माणसांनी निवडणुकीत बदलून टाकले. आम्ही विचारलं होतं, "बोल रं, पाणी कुठंय?" आता गाण्यात उत्तर आहे, "आलं रं, पाणी आलंय", आणि मागोमाग साहेबांचं नाव. निवडणूक होऊन गेली, गाणं मात्र लग्नांत शिरलं. नवरदेवाचे मित्र दोन्ही हात वर करून "पाणी आलंय, पाणी आलंय" म्हणत होते आणि माझ्या मोरीतल्या पिंपात तळाला दोन तांबे उरले होते. दुसऱ्या खुर्चीत एक बाई फेसपॅक वाळवत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा कशानं धुवायचा, हे गाण्यात कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या शहरात पंचांगाच्या वर एक पंचांग आहे, नळाचा दिवस. पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायका माहेरी जात नाहीत, दवाखान्यात जात नाहीत, कुणाच्या मयतीलाही उशिरा पोचतात. हळदीची तारीख गुरुजी काढतात, पण ती पक्की होते नळाचा दिवस बघून. नवरीची आई फेशियलची तारीख घ्यायला आली की माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा, पहिला प्रश्न अजूनही तोच असतो, "तुमचा नळ कवा हाय?" परगावच्या पाहुण्यांना ह्याचं हसू येतं. आम्हाला येत नाही, कारण आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, आणि खरा संताप त्याचाच आहे. एवढी वर्षं झाली, आम्ही तारखा जुळवत बसलो.

आमचं गाणं झालं त्या लग्नसराईत मी वीस वर्षांची होते. देवगाव रंगारीहून बी.ए. करायला शहरात आले होते आणि अक्काकडं राहत होते. टीव्ही सेंटरच्या मागं दोन खोल्या. पुढच्या खोलीत अक्काचं पार्लर, मागच्या खोलीत आम्ही. कॉलेजात माझा विषय इंग्रजी. पोरीनं इंग्रजी घेतलं म्हणून वडील गावभर सांगत फिरायचे, आणि ते येत नाही म्हणून मी शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसायचे.

मोईन शेजारच्या गल्लीतला. त्याच्या चाचाची लग्नाची बँड पार्टी होती. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, चाकांच्या गाडीवर भोंगे. मोईन त्यात बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा वाजवायचं ते वाद्य; भोंग्याला जोडलं की किंचाळतं. एके दुपारी तो पार्लरच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वैशाली, मेरे बाल फुला के देती क्या?"

पैठण गेटजवळच्या एका मोबाइलच्या दुकानातून त्यानं मेमरी कार्ड भरून आणलं होतं. कव्वाल्या, दर्दभरी हिंदी गाणी, आणि जागा उरली म्हणून दुकानदारानं वरून टाकलेली परदेशी बँडची गाणी. सोबत काही व्हिडिओ. त्यातले ते गोरे बाप्ये बघून मी तोंडावर हात ठेवला. खांद्याखाली आलेले फुगवलेले केस, ओठांना लिपस्टिक, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या चकचकीत विजारी. ह्या प्रकाराला ग्लॅम मेटल म्हणतात हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मोईन त्यांना लिपस्टिकवाले म्हणायचा.

"ये देख," तो फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला. "अपने बँड का कोट और इनका कोट, क्या फरक है? लाल वोईच, सोना वोईच. बस बाल नै हैं अपने पास."

"मुडद्या, लेडीज पार्लर हाय माझं," अक्का आतून कडाडली. पण मग तिनंच त्याला मागच्या दारानं घेतलं, मोरीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि केस फुगवायचं यंत्र माझ्या हातात दिलं. "पुढल्या गिऱ्हाइकाला दिसला नाय पायजे."

एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या, असं ते ऐकणं चाले. त्याला चाल हवी असायची, मला शब्द. एकेक ओळ पाच-पाच वेळा मागं नेऊन मी वहीत उतरवायचे. कॉलेजनं जे इंग्रजी मला तीन वर्षांत शिकवलं नाही ते त्या किंचाळणाऱ्या माणसांनी दोन महिन्यांत शिकवलं. मला वाटलं होतं, बाई आणि बाटली ह्यापलीकडं ह्यांच्याकडं काय असणार! बरीच गाणी तशीच होती, खोटं कशाला बोलू. पण मध्येच एखादं असं निघायचं की पेन थांबायचं. एकात कारखाना बंद पडलेला आहे आणि बाप तरीही सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो, बायकोपोरांना कळू नये म्हणून. चिकलठाण्याकडच्या बंद शेडसमोर दुपारपर्यंत एकाच चहावर बसलेली माणसं मी रोज बसमधून बघत होते. आणखी एकात लढाईवर धाडलेल्या पोराची आई सरकारला विचारते, तुमचा पोरगा कुठं आहे? हे सगळं लिपस्टिक लावून, कंबर हलवत, केस उडवत.

मग मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ह्यांच्याविषयी वाचायला बसले. सगळ्या शहाण्या लोकांनी त्यांची टिंगल केलेली. नुसते केस, नुसता मेकअप, डोकं रिकामं. ज्यांनी मळके शर्ट घालून असलीच गाणी म्हटली ते विचारवंत ठरले. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. कारण हे मला नवीन नव्हतं. मी पार्लरमध्ये राहत होते. तिथं बायका खुर्चीत मान मागं टाकून काय काय बोलतात हे कुणी ऐकलंय? रेशनच्या दुकानातला काटा कुठं मारला जातो, कुठल्या शाळेत कोण पोरींना त्रास देतो, कुठल्या गल्लीचा नळ कुणाच्या फोनवर सुटतो, सगळं त्यांना ठाऊक असतं. पण ओठांना रंग लावलेल्या बाईनं हेच बाहेर बोलावं, की समोरचा आधी तिच्या ओठांकडं बघतो. बघून झालं की हसतो.

म्हणून आमचं गाणं झालं. मोईननं बेंजोवर एक चाल बसवली होती, वर चढत जाणारी, शेवटी नुसती आरोळी. त्या आरोळीवर काय म्हणायचं ते त्याला सुचत नव्हतं. तो नळाचा दिवस होता आणि नळ आला नव्हता. गल्लीतल्या साऱ्या बायका हंडे घेऊन ओट्यांवर बसल्या होत्या, पाणी सोडणाऱ्या लाइनमनचा फोन लागत नव्हता. मी वही घेऊन त्यांच्यात बसले आणि तासाभरात उठले.

*माझ्या नळाला गंज चढला,*
*तुझ्या दारी कारंजं.*
*रांगेत आमची आई पिकली,*
*बोल रं, पाणी कुठंय?*

कविता म्हणून काही ग्रेट नाही, मला कळतं. पण मोईननं ते भोंग्यावर म्हटलं आणि गल्लीतली कुत्री पळाली.

चाचाला आधी पटलं नाही. "ये क्या भांडगिरी लगा रक्खे? मेरे बाप के जमाने का बँड है ये," असं म्हणून ते दोन दिवस मोईनशी बोललेच नाहीत. पण पहिल्याच वरातीत पोरं वेडी झाली. लाल कोटातला, चंदेरी चमकी लावलेला, केस उडवत बेंजो किंचाळवणारा मोईन बघायला दुसऱ्या मांडवातली माणसं येऊन उभी राहिली. 'लिपस्टिक बँड' हे नाव लोकांनीच पाडलं. मग चाचाच विचारायला लागले, "वैशाली बेटा, आज उसके आँख में वो काला-काला जरा जास्ती डाल."

त्या उन्हाळ्याचे तुकडे अजून अंगावर आहेत. सिल्लोडला कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न. भर उन्हात उघड्या टेम्पोतून निघालेला बँड, वाऱ्यानं केस बसू नयेत म्हणून मोईनच्या डोक्यावर अक्काची पॉलिथिनची टोपी, आणि टेम्पोमागून येणाऱ्या एसटीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघतायत. घामानं काजळ गालावर उतरायचं, मग कोल्ड क्रीमनं पुसायचं आणि पुन्हा लावायचं, कारण धुवायला पाणी कुठलं? लिपस्टिक नवरीच्या मेकअपच्या पेटीतली, अक्काच्या नकळत कापलेली. सिल्लोडला एका म्हाताऱ्या चाचांनी मला बाजूला घेऊन फार सभ्यपणे विचारलं होतं, "बेटी, ये लडका बीमार तो नहीं ना?" तेव्हा हसलो होतो आम्ही, पोट दुखेपर्यंत. सगळ्याचाच राग यायचं वय अजून आलं नव्हतं.

आणि फुलंब्रीची ती दुपार. नवरदेव घोड्यावर, मिरवणूक रस्त्यानं चाललेली, आणि कडेला हातपंपाशी बायकांची रांग. मोईननं गाणं सुरू केलं. नवरदेवाची माणसं नाचत होती, शब्दांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण "बोल रं, पाणी कुठंय" आलं आणि रांगेतली एक बाई घागर कमरेवर तशीच ठेवून हसली. "व्हय गं बाई, खरंच कुठंय?" ती शेजारणीला म्हणाली. पुढच्या वेळी ती ओळ आली तेव्हा रांगेतल्या सात-आठ जणींनी ती मोईनबरोबर म्हटली. मोठ्यांदा. एकीनं घागरीवर ताल धरला. मोईननं बेंजो थांबवला आणि त्यांचा नुसता आवाज ऐकला. मिरवणूक पुढं निघून गेली तरी आम्ही थोडा वेळ तिथंच होतो.

ह्या गाण्यांबद्दल मी जेव्हा जेव्हा बोलते, आणि पार्लरमध्ये मी फार बोलते, तेव्हा माझा सूर ठरलेला असतो. लिपस्टिक लावलेल्याचं कुणी ऐकत नाही. आरसा समोर असतो म्हणून असेल, पण बोलता बोलता माझा चेहरा लाल झालेला मला दिसतो. ज्या माणसाला आम्ही गाण्यात विचारत होतो तोच त्या गाण्यावर नाचला, आणि नंतर त्यानं ते पळवलं, असं मी सांगते. ऐकणाऱ्या बायका चुकचुकतात. कुणी साहेबांना दोन शिव्या देतं. मला बरं वाटतं.

हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. बारा-तेरा वर्षं मी हे अर्धं सांगत आलेय आणि त्या अर्ध्यावर रागावत आलेय.

साहेबांच्या पुतण्याचं लग्न होतं ते. तेव्हा ते आमच्या भागाचे नगरसेवक. जालना रोडकडच्या एका मोठ्या लॉनवर मांडव. नवरीचा मेकअप अक्काकडं होता म्हणून मी पेटी घेऊन दुपारपासून तिथंच होते. मागच्या बाजूला टँकर उभे होते. एकाचा पाइप हिरवळीवर सोडलेला, एकाचा कारंजाच्या हौदात. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात नळ आला नव्हता. मी नवरीच्या पापण्यांना रंग लावत होते आणि खिडकीतून ते कारंजं बघत होते. गाण्यात मी कारंजं लिहिलं तेव्हा ते मनातलं होतं, आता खरंखुरं समोर उडत होतं.

ऊन कलल्यावर वरात आली. मोईन त्या दिवशी असा वाजवत होता की मला बाहेर यावंच लागलं. साहेब पांढऱ्या कपड्यांत मध्यभागी नाचत होते, आणि ते गाणं संपलं की पुन्हा तेच मागत होते. तीनदा झालं, चारदा झालं. चौथ्यांदा ते नाचायचे थांबले. मोईनजवळ गेले, त्याच्या ओठावरून अंगठा फिरवला आणि तो लाल अंगठा सगळ्यांना दाखवला. माणसं खो-खो हसली. मोईन हलला नाही.

"गाणं कुणी लिवलं रं?" साहेबांनी विचारलं.

"इसने लिखा, साहब," मोईननं माझ्याकडं बोट केलं. त्याचा आवाज बिलकूल कापला नाही. "बजाया मैंने."

साहेब माझ्याकडं वळले. अंगठा रुमालाला पुसत, शांतपणे, हसत. "काय गं पोरी, आम्हालाच इचारायलीस का? पाणी कुठंय म्हणून?"

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. शब्दन् शब्द. चारदा मागून घेऊन ऐकलं होतं. त्या सगळ्या गर्दीत लिपस्टिकच्या पलीकडचं ऐकणारा एकटा तोच माणूस होता, आणि आता तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला होता. भोंगे बंद होते. मोईन माझ्याकडं बघत होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. एवढं एक अक्षर.

"नाही साहेब," मी म्हटलं. "तसं काही नाही. मजेचं गाणं आहे. लग्नातलं."

कशामुळं म्हटलं? घाबरले, दुसरं काय. मागं अक्का नवरीजवळ उभी होती, तिचं पार्लर त्यांच्याच वॉर्डात. चाचाचा बँड. माझं वय. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मला त्यांचा वीट आला आहे. गाण्यातला बाप डबा घेऊन निघतो त्यावर माझे डोळे भरून यायचे, आणि माझ्यावर पाळी आली तेव्हा मी लग्नातलं गाणं म्हणून मोकळी झाले.

"मंग ठीकंय," साहेब म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं. "हुशार हाय पोरगी. मजेचंच हाय तर आम्हाला दे की मंग. आमच्या प्रचाराला वाजवू. बोल, काय पायजे तुला?"

मी टँकर मागितला. गल्लीसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टँकर आला. पाठीवर साहेबांच्या फोटोचा फ्लेक्स. बायकांनी माझे गाल कुरवाळले, कुणी हातावर साखर ठेवली. "आमच्या वैशालीनं आणला," अक्का सगळ्यांना सांगत होती. पाऊस लागेपर्यंत तो टँकर येत राहिला. मीही त्या पाण्यानं आंघोळ केली, परीक्षेला गेले, इंग्रजीत पहिल्या वर्गात पास झाले.

मोईननं लग्नाच्या त्या संध्याकाळी मोरीजवळच्या स्टुलावर बसून स्वतःच स्वतःचा मेकअप पुसला. कापूस मी देत होते, तो घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "तू मजाक बोल दी." दुसऱ्या दिवशी केस बारीक कापून आला. लोकांनी फर्माईश केली तरी त्यानं ते गाणं परत म्हटलं नाही, आणि सराई संपल्यावर लाल कोट चाचाला परत केला. त्याच पावसाळ्याच्या शेवटी निवडणूक लागली आणि रिक्षावरच्या भोंग्यातून कुणा भाडोत्री गवयाच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं, "आलं रं, पाणी आलंय." मी त्या रिक्षामागं दगड घेऊन धावले होते. मारला मात्र नाही.

आता पार्लर मीच बघते. अक्काचे गुडघे गेलेत. ती गल्ल्यावर बसून तारखा देते. परवा ती मिरवणूक गेली आणि काल सकाळी साहेबांकडचा प्रसिद्धीचं काम बघणारा माणूस आला. साहेब आता शहरापुरते राहिलेले नाहीत, वरच्या निवडणुकीची तयारी आहे. गाण्याचा नवा व्हिडिओ करायचाय, आणि इंटरनेटवर टाकायला म्हणे हक्काचं पत्र लागतं. माणूस अतिशय सौजन्यानं बोलला. "मॅडम, औपचारिकता आहे फक्त. गीतकार म्हणून तुमची, संगीतकार म्हणून त्यांची सही. साहेबांना अजून आठवतंय, गाणं तुमचं आहे ते. त्यांनी मुद्दाम तुमचं नाव सांगितलं." कागदावर छापलं होतं की हे गाणं मी केवळ मनोरंजनासाठी लिहिलं असून त्यात कोणत्याही व्यक्तीवर टीका करण्याचा हेतू नव्हता.

माझंच वाक्य होतं ते. मी लॉनवर घाईघाईत म्हटलेलं, कुणीतरी टाइप करून, खाली सहीला रेघ मारून परत पाठवलेलं.

कागद घेऊन आज दुपारी मोईनकडं गेले. शहागंजच्या अलीकडं त्याचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. डीजेंनी बँड पार्ट्या बंद पाडल्या, आणि त्या डीजेंचेच आवाजाचे डबे आता तो दुरुस्त करतो. दाढीत पांढरे आलेत. आम्ही अधूनमधून भेटतो, पोराबाळांचं विचारतो. त्या दिवसाचं कधी बोललो नाही. त्यानं कागद वाचला, सोल्डरिंगचं यंत्र बाजूला ठेवलं आणि कागद परत दिला.

"मैं नै करता दस्तखत," तो म्हणाला. "तेरा तू देख."

"अजून राग आहे माझ्यावर?"

"है ना." त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं. "पानी का नै. टँकर से अम्मी बी भरी, मैं बी पिया. उसका कायकू गुस्सा करना? मेरे होंठ पे अंगूठा फिराया ना वो, तब बी मैं खडा रहा. मेरे कू लगा, अब्बी वैशाली बोलेगी. तू बोली, मजाक है. वो नै जाता दिमाग से."

मी सॉरी म्हटलं. उशीर झाला होता, पण म्हटलं. त्यानं मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. मग चहा मागवला. चहावाल्यानं पाणी आणलं नाही, आणि त्यावर मोईन मोठ्यांदा काहीतरी बोलला.

येताना रिक्षात माझा राग मला उलटसुलट करून बघता आला. इतकी वर्षं मी तो लोकांवर काढत होते, जे केस बघतात, मेकअप बघतात आणि ऐकत नाहीत त्यांच्यावर. त्या परदेशी लिपस्टिकवाल्यांची बाजू घेऊन मी किती भांडले! पण त्यांनी निदान म्हटलेलं मागं घेतलं नाही. टिंगल झाली तरी केस उडवत तेच म्हणत राहिले. आमचं ऐकलं जातं. नीट, लक्ष देऊन, चारदा मागून ऐकलं जातं, आणि मग आमच्याकडूनच वदवून घेतलं जातं की तसं काही नव्हतं. ह्याची चीड मला आधी यायला हवी होती. अजून कितीतरी येणं बाकी आहे, असं आत्ता तरी वाटतं.

पार्लरला पोचले तेव्हा दोन नवऱ्यामुली वाट बघत होत्या. एकीचे केस धुवायचे होते. पिंपात काही नव्हतं. आज नळाचा दिवस होता आणि नळ आला नव्हता. अक्का फोनवर टँकरवाल्याशी हुज्जत घालत होती. मी उभ्या उभ्या त्या प्रसिद्धीवाल्या माणसाला फोन लावला.

"मॅडम, झाली का सही?"

"नाही. आम्ही दोघंही करणार नाही."

तो त्याच सौजन्यानं म्हणाला, "काही अडचण आहे का? म्हणजे वर कारण सांगावं लागेल मला."

"सांगा की, आज आमच्याकडं पाणी आलेलं नाही."

"मॅडम, ते खातं वेगळं आहे."

"तेच खातं आहे," मी म्हटलं. पार्लरमधल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या होत्या. अक्कानं हातातला फोन खाली ठेवला. "आणि कागदावर जे छापलंय ते खोटं आहे. गाणं टीकेसाठीच लिहिलं होतं. साहेबांवरच लिहिलं होतं. मी तेव्हा नाही म्हटलं ते भिऊन म्हटलं, हेही लिहा."

"मॅडम, मी उद्या एकदा येऊन जातो. समक्ष बोलू."

"या ना. दहाला पार्लर उघडतं," मी म्हटलं. "पण एकटे येऊ नका, साहेबांना घेऊन या. त्यांनी मला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचंय."